टोपी कुन्नूरला पोहोचली

आपला जीव रमवायला दुसरं कुणी लागत नाही, हे मी निघायच्या आधी सगळ्या हिंगोलीला सांगून ठेवलं होतं. सगळी हिंगोली म्हणजे शेजारचा संतराम, दूधवाला आणि बँकेतला शिपाई. तेवढेच लोक माझ्याशी बोलत. दोन वर्षांपूर्वी बायको, सरिता, गेल्यापासून घरात बोलायला टीव्ही उरला होता, पण तो आपलंच दामटायचा. लेक करुणा पुण्यात नोकरीला. रविवारी तिचा फोन यायचा. जेवलात का, जेवलो, ठेवते, ठेव. एवढ्यात आमचा आठवडा उरकायचा.

तशात जमीलनं घरगाडी बनवली. जमील हा हिंगोली-सेनगाव रस्त्यावर आयुष्यभर जीप चालवलेला माणूस, आणि मी सेनगावच्या तहसीलातला कारकून. माझी अख्खी नोकरी त्याच्या जीपच्या मागच्या दांडीला लोंबकळत पार पडली. आता त्यानं एक जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आत दोन पलंग, गॅसची शेगडी, हात धुवायचं भांडं आणि गुलाबी पडदे बसवले होते. पोराला ती पर्यटकांना भाड्यानं द्यायची होती. त्याआधी लांबवर चालवून पाहू, तुमी चला, असं जमील म्हणाला. मी लगेच निलगिरीचं नाव सांगितलं. तिथली डोंगर चढणारी वाफेची गाडी मी मोबाइलवर इतक्यांदा पाहिली होती, की तिची शिट्टी मला झोपेत ऐकू यायची.

तीन दिवस आम्ही आळीपाळीनं घरगाडी चालवत दक्षिणेकडं जात राहिलो. संध्याकाळी पेट्रोल पंपावर घरगाडी लागली, की जमील बायकोला, इशरतभाभीला, फोन लावायचा. भाजीत मीठ किती पडलं इथपासून शेजारणीच्या शेळीपर्यंत सगळं निघायचं. मी तेवढा वेळ गुलाबी पडद्यावरची फुलं पाहायचो. सगळी सारखीच होती.

घरगाडी वर न्यायलाही कुणीतरी हवंच, म्हणून आम्ही वाटणी केली होती. चढताना रेल्वेत मी, दुसऱ्या दिवशी उतरताना जमील. पायथ्याच्या स्टेशनवर मला बसवून तो रस्त्यानं वर कुन्नूरला गेला.

गाडी सुंदरच होती, त्यात खोटं नाही. इंजिन मागून ढकलत होतं, रुळांच्या मधोमध लोखंडी दात होते, त्यांत आपले दात अडकवत ते वर चढत होतं. डब्यात सगळे जोडीनं आलेले. दरी आली की नवरा बायकोला दाखवायचा, बायको लेकराला दाखवायची. मी समोरच्या बाईंना एक धबधबा दाखवला. त्यांनी आपल्या नवऱ्याला दाखवला.

मधे जंगलातल्या एका छोट्या स्टेशनावर इंजिन पाणी प्यायला थांबलं. मी खाली उतरलो. उतरताना खिडकीच्या जागेवर पिशवी, पिशवीवर मोबाइल आणि मोबाइलवर टोपी ठेवली. तिकिटावर जागेचा नंबर छापलेला होता, तरी ठेवली. आपल्याकडं एसटीत रुमाल टाकल्याशिवाय जागा आपली होत नाही. मग मी स्टेशनामागं जरा आडोशाला गेलो. साठी उलटलेल्या माणसाला आडोशाला वेळ लागतो.

परत आलो तर गाडी हललेली. पण मी घाबरलो नाही. धावती जीप पकडणारा माणूस मी, आणि ही गाडी तर सायकलपेक्षा हळू. रुळांतून पळत सुटलो. आठदहा ढांगांतच लक्षात आलं, की मी जीप पकडायचो ते जमील ब्रेक दाबायचा म्हणून. इथला ड्रायव्हर मला ओळखत नव्हता. त्यात माझी चप्पल लोखंडी दातांत अडकली. ती सोडवेपर्यंत गाडी बोगद्यात शिरली आणि मागं नुसता धूर राहिला.

स्टेशनावर एकच खाकी कपड्यातला माणूस होता. त्याला मराठी येईना, मला तमिळ. हातवारे करून मी त्याचा फोन मागितला. फोन हातात आला तेव्हा कळलं, की मला एकच नंबर पाठ आहे, माझा स्वतःचा. म्हटलं, डब्यातलं कुणीतरी उचलेल. पुष्कळदा लावला. कधी रेंज नाही, कधी नुसतीच रिंग. मग बऱ्याच वेळानं पलीकडून बाई म्हणाली, आपण फोन केलेली व्यक्ती दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे.

दोन वर्षांत माझा फोन पहिल्यांदा व्यस्त झाला होता आणि मी तिथं नव्हतो.

झालं होतं असं. कुन्नूरला गाडी पोहोचली. डब्यातून माझी टोपी, पिशवी आणि मोबाइल उतरले, मी उतरलो नाही. जमील हादरला. त्यानं करुणाला फोन केला आणि सांगितलं, "बेटा, टोपी आली, पप्पा न्हाई आले." करुणानं हिंगोलीला संतरामला विचारलं. संतरामनं गल्लीच्या ग्रुपवर माझा फोटो टाकला आणि खाली हात जोडलेलं चित्र. पुढचं सांगायला नको. ज्यांनी वर्षानुवर्षं माझी विचारपूस केली नव्हती, ते सगळे माझ्या नंबरवर मी कसा गेलो हे विचारू लागले.

मला यातलं काही ठाऊक नाही. दुपारी वरून उतरणारी गाडी आली. खाकीवाल्यानं स्वतःच्या डब्यातला भात मला खाऊ घातला होता, आता हाताला धरून गाडीत बसवलं. ती मला पुन्हा पायथ्याला घेऊन गेली. तिथून मी वर जाणारी बस धरली. अर्ध्या घाटात एका वळणावर समोरून गुलाबी पडदे आले. जमील मला शोधायला खाली निघाला होता. मी खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडलो. तो दरीत पाहत गाडी चालवत होता. मलाच शोधत असणार.

कुन्नूरच्या स्टेशनवरच्या बाबूला थोडी हिंदी येत होती. त्याच्या फोनवरून माझाच नंबर लावत राहिलो, तेव्हा एकदाचा लागला.

"हॅलो, मी भीमराज."

"भीमराजभाई हरवलेत," जमील रडवेल्या आवाजात म्हणाला. "मी त्यांनाच शोधून राहिलो. तुमी नंतर करा." आणि ठेवला.

परत लावला आणि हॅलोच्या आधी, सेनगावच्या जीपवाल्यांत ऐकलेली एक शिवी दिली. मग त्यानं ओळखलं. अंधार पडल्यावर तो वर आला, मला मिठी मारली, आणि टोपी माझ्या डोक्यावर जरा जोरातच बसवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी करुणा आली. विमानानं कोइंबतूर, तिथून टॅक्सी. डोळे सुजलेले. मी म्हटलं, एवढ्या लांब काहून आलीस, फोन करायचा.

"पप्पा, तुमी पळतच डोंगर चढायला लागले असाल, असं मला वाटलंच व्हतं," ती म्हणाली. "घरी एकटं बसवत न्हाई ना तुमाला?"

"बसवतं की," मी म्हणालो. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी शेगडीवर चहा ठेवायला उठलो.

तिला रात्रीचं विमान धरायचं होतं. मधे दुपारची उतरणारी गाडी होती. जमीलचं तिकीट त्याच गाडीचं, आणि बाबूनं ओळखीनं अजून एक रद्द झालेली जागा काढून दिली. एकच. आलीच आहेस तर बसून घे, मी म्हणालो. जमील त्याचं तिकीट मला देत होता. पण घाटात घरगाडी आणायची वाटणी माझी होती, आणि मला हे सगळं जमतं, असं मीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं.

खाली एका जागी रूळ रस्त्याच्या अगदी जवळ येतात. तिथं मी घरगाडी बाजूला घेतली, खाली उतरलो, टोपी हातात घेतली आणि वाट पाहत उभा राहिलो. गाडी आली. करुणा आणि जमील खिडकीशीच होते, पण पलीकडच्या. दरी त्या बाजूला होती. जमील बोट करून तिला काहीतरी दाखवत होता आणि ती हसत होती. मी टोपी हलवली. मग घरगाडीत हात घालून हॉर्न वाजवला.

इंजिनानं शिट्टी दिली. पुढं वळण होतं म्हणून दिली असेल. पण तसं म्हणणारं तिथं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी ती माझीच धरली.