भावोजींची भुताची गोष्ट

"छे, छे! सहज सुचली आपली," असं म्हणत भावोजींनी लाजल्यासारखं केलं आणि हेस्टरच्या डोक्यात तिडीक गेली.

नाताळची आदली संध्याकाळ. इंग्लंडातल्या नॉरिचची चार-पाच बिऱ्हाडं शेकोटीभोवती जमली होती आणि रिवाजाप्रमाणे ऑब्रीभावोजी मासिकाच्या नाताळ अंकातली भुताची गोष्ट वाचून दाखवत होते. अंकात लेखकांची नावं छापत नसत. "लिहिलीय कुणी हो?" असं पाद्री लडकिननी विचारायचा अवकाश, भावोजी गूढ हसले. गोष्ट हेस्टरची होती. ऐन जुलैच्या उकाड्यात घाम पुसत तिने त्यात बर्फ पाडला होता, तेही चोरून. कारण "आमच्या घरातल्या बायका असलं लिहीत नाहीत" हा भावोजींचाच हुकूम.

"गोष्ट माझी आहे," हेस्टर म्हणाली.

सगळे खो खो हसले. "बाईमाणसाला लिहितानाच भोवळ आली असती!" पाद्री म्हणाले.

"गप बस गं, चारचौघांत!" थोरल्या बहिणीने, भावोजींच्या बायकोने, मेबलताईने तिला चिमटा काढला.

भावोजी पुढे वाचू लागले. नायिकेने कपाट उघडलं, आणि पान संपलं. पुढचं पानच नव्हतं. साबणाची जाहिरात समजून सकाळी पाईप पेटवायला फाडलं ते हेच, हे भावोजींच्या आत्ता लक्षात आलं.

"अहो, थांबलात काय? कपाटात काय होतं? तुम्हाला तर पाठ असणार!" पाद्री उतावीळपणे म्हणाले.

"कपाटात... मांजर होतं."

"मांजर?" हेस्टर ताडकन उठली. नाव चोरलं ते चोरलं, वर गोष्टीची ही दशा! "माझ्या गोष्टीत मांजर? लाज नाही वाटत, भावोजी? कपाटात ती स्वतःच उभी होती. तोच झगा, तोच चेहरा. आतलीने बाहेरचीला हलकेच आत ओढलं आणि दार लावून घेतलं!"

पाद्रींच्या हातातला पेला कलंडला. मग त्यांनी टाळ्याच वाजवल्या.

"वा ऑब्री! शेवट मेहुणीकडून वदवायचा! काय युक्ती!"

"हो ना," हेस्टर दात आवळून म्हणाली, "आणि संपादकांना पुढची गोष्ट सोमवारी हवीय. भावोजी लिहितीलच."

"मग आधी चर्चच्या सभागृहात वाचायची! मी बिशपसाहेबांनाच बोलावतो!"

भावोजी पांढरेफटक पडले. "नाही हो! गोष्ट हिचीच आहे! देवाशपथ सांगतो, हिनेच लिहिलीय!"

"किती हा विनय!" पाद्रींना गहिवरून आलं.

हेस्टरचा राग तसूभरही उतरला नव्हता. पण पुडिंग मात्र तिने पुन्हा वाढून घेतलं.