शेजारच्या सीटचा ब्रेक

काकांनी ब्रेक दाबला की गाडी किंचाळायची. जुनी सेडान, लेकीच्या बरोबरीची. लेक वेळेवर सासरी गेली, गाडी काही जाईना. दोनदा पॅड बदलले, एकदा डिस्क घासून घेतल्या, किंचाळणं होतं तसंच. शेवटी थोरल्या मुलाने बजावलं, "आता आणखी एक बिल आलं की गाडी भंगारात." तेव्हापासून काकांना घास गोड लागेना. बायको माहेरी गेली तेव्हा मात्र दोन पोळ्या जास्त खात होते.

पंचाईत अशी, की मेकॅनिकने चालवली की गाडी शहाण्यासारखी गप्प.

"काका, आवाज कुठाय?"

"मग काय माझ्या कानात आहे?"

काकांनी एकट्याने फिरवून आणली, तरी गप्प. काकूंना घेऊन निघाले, की पहिल्याच सिग्नलला कर्रर्र!

"लोड पडला की वाजते बहुतेक," काका पुटपुटले.

"कुणाचा लोड? नीट बोला."

"अगं, गाडीचं बोलतोय मी."

"गाडीत आपण दोघंच होतो. सिमेंटची पोती नव्हती भरली."

मेकॅनिकने डोकं खाजवलं आणि मास्टर सिलिंडर बदलायची भाषा सुरू केली. रोग कळला नाही की औषध महागच निघतं. काकू म्हणाल्या, "बदलाबदली नंतर. आधी मागे बस आणि डोळे उघडे ठेव."

तिघं निघाले. पुढे ट्रक थांबलेला दिसताच काकूंनी दोन्ही पाय रोवून अंग मागे टाकलं. कर्रर्र! मेकॅनिकने लगेच गाडी बाजूला घ्यायला लावली आणि काकूंच्या पायाखालचं मॅट उचललं. खालचा पत्रा गंजून पातळ झालेला. पाय दाबला की तो खालच्या सायलेन्सरच्या नळीवर घासत होता.

"काकू, तुम्ही इथे ब्रेक मारता?"

"मग कोण मारणार? हे?"

काका मात्र खुलले. "म्हणजे ब्रेक ठणठणीत! बिल नाही, भंगार नाही! आजपासून तू पाय वर घेऊन बसायचंस."

"बसते की." काकूंनी मांडी घातली आणि डोळे मिटले.

गाडी लोण्यासारखी चालली. वळली, गॅरेजच्या फाटकाशी आली आणि धाडकन फाटकावर जाऊन बसली.

"अहो, ब्रेक!"

काका स्टिअरिंग धरून बघतच राहिले. "आवाज कुठे आला?" ते म्हणाले. "तू शेजारी असताना आवाज आल्याशिवाय मी कसा दाबणार?"

मेकॅनिकने लोंबणारा बंपर पाहिला, मग फाटक पाहिलं. "काका, नक्की दुरुस्त काय करू?"

"बंपर दोरीने बांध. हिच्या पायाखाली नवा पत्रा बसव. पातळच बसव हं, वाजला पाहिजे." एवढं बोलून काकांना थोरला आठवला. त्यांचा चेहरा उतरला. "पण बिल..."

काकूंनी पर्स उघडली. "बिल माझ्या नावाने कर रे," त्या मेकॅनिकला म्हणाल्या. "ब्रेक माझा आहे."