कुसुमताईंचा वाटाणा

आमच्या शेजारच्या कुसुमताई चांदीच्या करंड्यात कुंकू ठेवत नाहीत. एक वाळका पांढरा वाटाणा ठेवतात. कोलार रोडवर आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, म्हणून त्या वाटाण्याचा सगळा इतिहास मला पाठ आहे.

बाईंनी तेहतीस वर्षं शाळेच्या मैदानावर पीटी शिकवली, भोपाळच्या उन्हात, टोपीशिवाय. गालांवर डाग, कपाळावर नांगरट. एकाहत्तराव्या वर्षी एकाएकी त्या त्वचेच्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी सुरकुत्यांवरचं रेटिनॉइडचं मलम दिलं. रोज रात्री जेवणानंतर, वाटाण्याएवढंच, आणि दिवसा ऊन टाळायचं. दुसरं कुणी अंदाजाने घेतं. यांनी किराणा दुकानात पसाभर वाटाण्यांतून एक निवडला आणि मलम त्याच्याशेजारी ठेवून मोजायला लागल्या.

"डिसिप्लिन, वहिनी. सब लाइन में."

डिसेंबरात आम्ही साऱ्या बायका उन्हात खुर्च्या टाकून मटार सोलतो, तर या दाराआडून आमच्या सुरकुत्या मोजणार. भाजीला निघाल्या की यांच्यावर छत्री मी धरायची. आणि वर, "वहिनी, जरा सीधी."

मला हसायचा अधिकार नाही म्हणा. लग्नाआधी गोरी दिसावी म्हणून मी तोंडाला लिंबू फासून गच्चीवर भर उन्हात बसले होते. लग्नाच्या फोटोत नवरी नाहीच, करपलेलं थालीपीठ आहे. पण ते विसाव्या वर्षी. आता या वयात हे कुणासाठी, असं विचारलं की कुसुमताई नुसतं "हूं" करायच्या.

एकदा मी फारच वैतागले. त्या चहा टाकायला आत गेल्या, तेवढ्यात मी वाटाणा उचलून करंड्यात काबुली चणा ठेवला. मलम लावताना त्या चष्मा काढतात. मला वाटलं, दोन दिवसांत पकडतील, मला शिव्या घालतील, आम्ही दोघी हसू.

आठवड्याने त्यांनी दार उघडलं तर चेहरा टोमॅटो आणि नाकाची सालं निघालेली.

"परवा नागपूरला जायचंय माईकडे," त्या पायरीवर बसून म्हणाल्या. माई ही त्यांची थोरली बहीण, हल्ली सगळं विसरणारी. "गेल्या खेपेला मला आई समजून पाया पडली. म्हणाली, आई, आपली कुसुम कुठं राहिली? मला तोंड थोडं मागे न्यायचं होतं, वहिनी. तिला ओळखू येण्यापुरतं."

मी चण्याएवढी झाले. कबूल करायला तोंड उघडलं, पण निघालं भलतंच. "मी येते सोबत, छत्री धरायला."

माई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग कुसुमताईंची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"पुन्हा उन्हात खेळलीस ना, कुसे? किती सांगायचं तुला."

आणि तिच्या तोंडाला लावायला सुनेकडे वाटीभर साय मागितली. सहा महिने ऊन चुकवणारी ही बाई खिडकीतल्या कवडशात डोळे मिटून, गाल पुढे करून बसली. मी छत्री उघडली नाही.

परतीच्या गाडीत कुसुमताईंनी चष्मा लावून करंडा उघडला. चण्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

करंडा मिटल्याचा आवाज आला.

"पुढच्या महिन्यात पुन्हा जायचंय," त्या म्हणाल्या. "चणाच राहू दे."