मोडतोडीचं इंग्रजी

अनुजाचं इंग्रजी मी घेतो, असं मी चहाच्या वेळी सांगून टाकलं. घरात कोणी हसलं नाही. हसले असते, तर मी शब्द मागं घेतला असता.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं शिक्षण तालमीत झालं. (तिथं नापास कोणी होत नाही, नुसता पाठीवर पडतो.) नातीची गोष्ट वेगळी. घटक चाचणीत तिचं इंग्रजी गेलं. आता सोमवारी तोंडी परीक्षा. तीही गेली, तर तिला पेठ वडगावच्या हॉस्टेलवर ठेवायची, असं माझ्या मुलानं, विश्वजितनं, ठरवलं होतं. वडगाव काही लांब नाही. पण संध्याकाळी दारात चपला भिरकावून "आबाऽ, खायला काय?" म्हणणारं कोणी नसलं, तर ते विलायतेइतकं लांब. हे मी कुणाला बोललो नाही. आमच्यात असलं बोलत नाहीत.

रविवारी मुलगा आणि सूनबाई वास्तुशांतीला कबनूरला गेले. माझी बायको चिमणाबाई बहिणीकडं गारगोटीला. घरात नात, मी आणि धडा.

"काय हाय धड्यात?"

"फ्रेजल व्हर्ब, आबा. क्रियापदाला शेपूट लावायचं. ह्या पानावर सगळी मोडतोडच हाय. नॉक ओव्हर म्हंजे धक्का मारून पाडणं. टेअर अप म्हंजे फाडून चिंध्या करणं. प्रेस डाउन म्हंजे वरनं दाबणं. ब्रेक डाउन म्हंजे दार तोडून पाडणं."

"मग अडतंय कुठं?"

"रात्री पाठ हुतंय आन् सकाळी जातंय."

मला रोग कळला. आमचे वस्ताद डाव तोंडानं कधी सांगत नसत. अंगावर घालत. एकदा ढाक बसली, की ती जन्मभर विसरायची नाही.

"पुस्तक मिट," मी म्हणालो. "एकेक डाव करून बघायचा."

"खरंच?" पोरीचे डोळे चमकले. मी तिथंच थांबायला हवं होतं.

नॉक ओव्हरसाठी रिकामी कळशी घेतली. अनुजानं शब्द ओरडून धक्का दिला. कळशी आडवी झाली. (रिकामी नव्हती.) पाणी गव्हाच्या पोत्याखाली गेलं.

टेअर अपसाठी मी कपाटातलं सगळ्यांत जुनं लुगडं काढलं. जुनं होतं हे खरं. चिमणाबाईच्या लग्नातलं होतं, हे फाटल्यावर पदर बघून कळलं. पण अर्ध्या कुस्तीत मैदान सोडायची आपली रीत नाही.

पापडांच्या डब्याचं झाकण बसत नव्हतं. म्हणून प्रेस डाउन तिथं. पोरीला जोर पुरेना, मग मी वजन टाकलं. झाकण बसलं. पापडांचं परत पीठ झालं.

राहिला ब्रेक डाउन. न्हाणीचं दार पाण्यानं फुगलेलं, कधीतरी बदलायचंच होतं. "बाजूला हो," म्हणालो आणि खांदा मारला. दार पडलं. दारावर मी पडलो. दाराखाली नळ होता. तो तुटला आणि पाणी छताला लागलं.

"आबा, पाठ झालं!" अनुजा नाचत म्हणाली. मग तिनं उंबऱ्याकडं बोट केलं. "आज्जी आली."

चिमणाबाईनं आधी पाणी बघितलं, मग मला, मग लुगडं.

"ह्ये काय चाललंय?"

"इंग्रजी शिकवतोय," मी दारावर पडल्या पडल्या सांगितलं.

"इंग्रज गेलं तवा बी एवढी नासधूस झाली नसंल! उठा. आधी नळाला चिंधी बांधा. चिंध्या हायतच म्हणा आता."

मी बांधली. मग तिनं खराटा दिला, तो घेतला. गहू वाळत घातले. जेवायला काय आहे, हे विचारलं नाही.

सोमवारी मी वर्गाबाहेर उभा राहिलो. आत इंग्रजीच्या राजमती मॅडम होत्या. फडात उतरताना कधी फुटला नव्हता, एवढा घाम फुटला.

"नॉक ओव्हर?" मॅडम म्हणाल्या.

आत काहीतरी धाडकन पडलं.

"टेअर अप?"

टर्रर्र.

"ब्रेक डाउन?"

मी दाराकडं धावलो. शाळेचं दार चांगलं सागवानी होतं. पण पोरीनं तोंडानं उत्तर दिलं, तेही न अडखळता. मी भिंतीला टेकलो.

थोड्या वेळानं मॅडम बाहेर आल्या. सोबत अनुजा, हातात फाटका रुमाल.

"पास झाली, आजोबा. माझा पेनस्टँड तेवढा फुटला."

हॉस्टेल टळलं. मी मिशीवर हात फिरवला. शिकवणी कुणाची, हे त्यांनी विचारावं म्हणून जरा थांबलोही.

"पानाबाहेरचा एक शब्द मुद्दाम विचारला," मॅडम म्हणाल्या. "गिव्ह इन. वाक्य इतकं झकास केलं, की त्याचे दोन गुण जास्त दिले." आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

"काय वाक्य केलंस गं?"

"माय ग्रँडफादर ऑलवेज गिव्ह्ज इन."

"म्हंजे?"

"समोरच्याचा दाब आला, की मुकाट्यानं शरण जाणं, आबा."

माझा हात मिशीवरून खाली आला. "हा डाव मी तुला कधी दाखवला?"

"दाखवला की! आज्जी आली तवा. सगळ्यांत बेस त्योच जमला तुमास्नी."