बेचाळीस शुभेच्छुकांची पलूसवर चाल

पृथ्वी निर्माण जाहली तेव्हापासोन तिजवर मोहिमा बहुत जाहल्या. कोणी समुद्र ओलांडिला, कोणी डोंगरी किल्ले रातोरात घेतले, कोणी परमुलखात झेंडे रोविले, आणि त्या सर्वांच्या हकीकती लिहिणारांनी लिहून ठेविल्या. परंतु त्या सर्वांहून थोर, ऐकता अंगावर काटा उभा राहावा ऐशी मोहीम उंब्रज मुक्कामी सुभेदार मानसिंगराव यांणी वैशाख मासी केली. ती ही की, स्वारींनी घरचे संगणकावर आपले वडील बहिणीकरिता वाढदिवसाचे एक शुभेच्छापत्र तयार केले. त्यास नऊ दिवस लागले.

आता स्वारी कोण ऐसे पुसाल, तर स्वारी म्हणजे लिहिणारच. बखरीत आपणास 'मी' म्हणवून घेण्याचा रिवाज नाही, आणि फजितीचा मजकूर तिऱ्हाइताचे नावे लिहिला असता हात मोकळा चालतो, सबब ऐसे लिहिले. स्वारींनी फौजेत एकतीस वर्षे चाकरी केली, बर्फापासोन वाळवंटापर्यंत ठाणी पाहिली आणि सर्व ठाण्यांवर टाइपरायटर चालविला. सुभेदार ही पदवी खरी, लढाई मात्र कारकुनी. शत्रूने स्वारींस कधी पाहिले नाही आणि स्वारींनीही त्यास तसदी दिली नाही.

मोहिमेचे कारण ऐसे की, दोन वर्षांमागे स्वारींनी उंब्रजेस नवे घर बांधिले आणि वास्तुशांतीची पत्रिका छापिली, आणि पत्रिकेवर घरचे, दारचे, सासरवाडीचे, साखर कारखान्यातले, पहाटे फिरावयास बरोबर असणारे ऐसे झाडून सर्व असामी आले, आणि मेव्हणे नानासो आटपाडीकर यांचे नाव तर दोन ठिकाणी आले, आणि वडील बहीण धोंडुबाई, पलुसास दिलेली, जिणे स्वारींस लहानपणी कडेवर वागविले, तिचे नाव राहिले. आक्का समारंभास आल्या, पंगतीस बसल्या, पत्रिका एका पोरीकडून वाचवून घेतली, आणि काही एक न बोलता एसटीत बसोन निघोन गेल्या. तेथपासोन अबोला. स्वारींनी फोन करावा, तो भाचा धनाजी याने घ्यावा आणि सांगावे की आई रानात गेली आहे, आणि ते समयी मागून आक्कांचा आवाज स्वच्छ ऐकू यावा, "सांग त्येला, रानात हाय म्हणून." ऐशा दोन भाऊबिजा ओवाळणीवाचून गेल्या आणि स्वारींचे कपाळ कोरडे राहिले. सत्तराव्या वर्षीही माणूस बहिणीवाचून पोरका होतो, हे स्वारींस ठाऊक नव्हते. ते ठाऊक जाहले.

मग वैशाखात धनाजीचाच फोन आला की येत्या पंधरवड्यातील रविवारी आईची पंचाहत्तरी करितो, तरी येणे. "पर मामा, आईनं न्हाई बोलिवलेलं, मी बोलिवतोय. आहेर-बिहेर आणू नका, फेकून दील. नावावरनंच बिनसलंय न्हवं? मग तिच्या नावाचं कायतरी आणा."

हा खलिता ऐकोन स्वारींनी माजघरात दरबार भरविला आणि हुकूम फर्माविला की, बाजारचे शुभेच्छापत्र घेऊ नये, कारण ते कोणाचेही नावे चालते. आपण घरचे संगणकावर खासा आक्कांचे नावचे पत्र करावे, आणि आक्कांचे नाव सर्वांचे वरते मानाचे जागी घालावे. तैसेच, मागील चूक पुनः होऊ नये, याकरिता शुभेच्छुकांत भावकीतले एकही नाव राहू देऊ नये. हे दुसरे कलम फर्माविले नसते तर पुढील अनर्थ न होता.

संगणक म्हणाल, तर चिरंजीव दिग्विजय यांणी पुण्यास नवा घेतला तेव्हा जुना वडिलांचे सेवेशी रवाना केला, तो. सोबत रंगीत छपाईचे यंत्र. सून स्वप्नाली, उंब्रजेतच शाळेत शिक्षिका, तीस माऊस देऊन बिनीवर नेमिले, आणि स्वारी तिचे पाठीशी खुर्ची घेऊन हुकूम देण्यास बसली. स्वप्नालीने इंटरनेटावरोन एक तयार नमुना आणिला. दर्शनी पानावर झेंडूच्या फुलांचे मखर, मखराचे पोटी बारीक अक्षरे 'येथे नाव टाका', आणि आत कोरी जागा. स्वारी प्रसन्न जाहली आणि बोलिली की, हे मखर आक्कांचे. मानाची जागा अवघे सैन्य उभे राहिल्यावर, उत्तम अक्षर निवडोन, सर्वांचे शेवटी भरावी. तोवर तिला कोणी हात लावू नये.

त्याप्रमाणे कोणी लाविला नाही.

मग शुभेच्छुकांची भरती सुरू जाहली. पहिले दिवशी नऊ नावे होती. तो राजेश्वरीबाई, स्वारींचे कुटुंब, हातात चहाचा कप घेऊन आल्या आणि पडद्यावर नजर टाकोन पुसू लागल्या, "आवं, आमचा नानादादा कुठं दिसंना ह्यात?"

"मागल्या बारीला दोनदा आलता की तुझा नानादादा."

"मग आता एकदा तरी येऊ द्या."

नानासो आले. नानासो आले म्हणोन त्यांचे दोन पुत्र आले, ते आले म्हणोन चुलत घराणे आले, आणि चुलत घराण्याने नुसत्या नावावर न भागविता छबी पाठविल्या. धाकटे बंधू नाथाजीराव यांणी फेटा आणि काळा गॉगल ल्यालेली छबी आणिली आणि स्वप्नालीस बजाविले, "बाय, माझं नाव फोटूच्या खाली नगं घालू, बॉडी झाकती." मग त्यांचे नाव वरते घेतले, तो ते वडील बंधूंचे वरते गेले, मग स्वारींस इतराजी जाहली, मग स्वारींचे नाव त्याहून वरते नेले, आणि या चढाओढीत दोन दिवस गेले. येणेप्रमाणे शुभेच्छुक बेचाळीस भरले आणि अक्षर कमी होता होता मोहरीएवढे राहिले. स्वप्नालीने अर्ज केला, "आबा, अक्षर फारच बारीक झालंय, आक्कांना वाचता येणार नाही." स्वारींनी उत्तर दिले, "आक्काला वाचताच येत न्हाई. बिनघोर बारीक कर."

आठवे दिवशी छपाईस तोंड लागले. जाड कागद दुकानात तीनच मिळाले होते. पहिला कागद सुरेख उतरला, आणि चौघडी घालोन पाहतात, तो दर्शनी मखर सुलटे आणि आतील बेचाळीसही असामी डोकीवर उभे. चौघडीचे पत्र छापावयाचे तर एक बाजू मुळातच उलटी मांडावी लागते, हे शास्त्र कोणास माहीत नव्हते. नाथाजीरावांचा फेटा जमिनीस लागला होता आणि गॉगल मात्र ढळला नव्हता. नववे दिवशी दुसरा कागद यंत्रात शिरला आणि मध्येच अडला. तेव्हा नाथाजीराव, ज्यांस रसाच्या गुऱ्हाळावर चरकात अडकलेला ऊस ओढण्याचा सराव, ते पुढे सरसावले. स्वारी "हात लावू नगं" ऐसे ओरडली, परंतु हात लागला होता. बावीस शुभेच्छुक नाथाजीरावांचे हाती आले आणि वीस यंत्रात राहिले.

राहिला एक कागद. त्याच दिवशी, म्हणजे शनिवारी, दोन प्रहरी, वीज जाण्यास अर्धी घटका असता, तो यंत्रास अर्पण केला, आणि घरातले सर्वजण श्वास रोखोन उभे राहिले, आणि पत्र बेदाग, सुलटे, रंगीत ऐसे बाहेर पडले. मोठा जयजयकार जाहला. मग स्वारींनी, कारकुनी रिवाजास अनुसरोन, तपासणीचा हुकूम दिला. भिंग आणिले. नाथाजीरावांनी आपले नाव पाहिले आणि बरोबर आहे म्हणाले. स्वप्नालीने आपले पाहिले, बरोबर होते. राजेश्वरीबाईंनी दोन पाहिली, आपले आणि नानादादाचे. स्वारींनी आपले नाव, पदवी आणि क्रम तीन वेळ पाहिला. मखराकडेही सर्वांनी पाहिले, आणि झेंडू लय भारी उमटला ऐसे एकमुखे बोलिले. पत्र पाकिटात गेले. पाकिटास डिंक लाविला.

रविवारी सकाळी नाथाजीरावांचे गाडीतोन चौघांनी कूच केले. कऱ्हाड मागे टाकिले, आणि स्वारींनी पाकीट मांडीवर धरिले ते पलूस येईतो सोडिले नाही.

आक्का सोप्यात खुर्चीवर बसल्या होत्या. नवे लुगडे, सभोवती लेकी-सुना. स्वारींनी पायांवर डोके ठेविले. आक्कांनी पाय मागे घेतले नाहीत, परंतु हातही वर उचलिला नाही, आणि सुनेकडे पाहोन बोलिल्या, "पाव्हण्यांस्नी पाणी द्या."

पाव्हणे! तोफेचा गोळा लागता तरी इतके न लागते.

मग स्वारींनी दोन्ही हातांनी पाकीट पुढे केले. आक्कांनी ते घेतले आणि, वाचता येत नसल्याकारणे, नात राणी इजकडे दिले. राणी कॉलेजात जाणारी, आवाज खणखणीत. तिणे पत्र उघडिले आणि एका दमात वाचिले, "येथे नाव टाका यांना पंचाहत्तराव्या वाढदिवसानिमित्त कोटी कोटी शुभेच्छा. शुभेच्छुक..."

स्वारींनी स्वप्नालीकडे पाहिले. स्वप्नालीने नाथाजीरावांकडे पाहिले. नाथाजीराव पंख्याकडे पाहू लागले. राणी वाचीत गेली. बेचाळीस नावे, पदव्यांसुद्धा. आक्का डोळे मिटोन एकेक नाव ऐकत होत्या, आणि स्वारींस वाटले की धरणी दुभंगेल तर बरे. पलूसची धरणी पाटाचे पाण्याने भिजलेली, ती दुभंगली नाही.

"संपलं?" आक्कांनी पुसिले.

"संपलं, आजी."

"आन मी?"

राणी घुटमळली. "तुझ्या जागी लिहिलंय, येथे नाव टाका."

तेव्हा आक्कांनी डोळे उघडिले आणि खुर्ची फिरवोन थेट स्वारींसंमुख जाहल्या.

"मानसिंगा! दोन वरसामागं एक नाव राहिलं तुझं. आज बी त्येच राहिलं? एवढी खोगीरभरती जमा केलीस, त्या नान्याला सुदीक घेटलंस, आन जिचा वाढदिवस तीच न्हाई? फौजंत असाच कागद करत हुतास व्हय रं? सरकारनं पगार दिला कसा तुला?"

येणेप्रमाणे बारा वाजोन वीस मिनिटांनी दोन वर्षांचा अबोला मोडिला. मग आक्कांनी जो भडिमार केला तो पाव घटका चालिला. त्यात पत्रिकेचा मजकूर आला, एसटीत उभे राहोन यावे लागले तो आला, आणि साठ वर्षांमागे स्वारींनी तिची कळशी विहिरीत बुडवोन नाव नाथाजीचे सांगितले होते, तोही गुन्हा आला. स्वारींनी सर्व कलमे कबूल केली. नाथाजीरावांस कळशीची हकीकत तेव्हाच कळली. आणि भडिमार चालू असता स्वारींचे मनी अतोनात संतोष होत होता, कारण प्रत्येक गोळ्यासोबत आक्का 'मानसिंगा' म्हणत होत्या.

दम लागला तेव्हा आक्का थांबल्या आणि बोलिल्या, "पेन हाय का कुणाकडं?" पेन आले. "टाक नाव. टाका म्हणून लिवलंय न्हवं? मग टाक."

स्वारी जमिनीवर मांडी घालोन बसली, पत्र पाटावर ठेविले आणि अदबीने पुसिले, "श्रीमती धोंडुबाई, का पुरं आडनावासकट?"

"एवढं लांबडं कशाला? आई हाक मारायची तसं लिही."

"धोंडाक्का?"

"आई मला आक्का म्हणत हुती व्हय रं? धोंडी लिही."

त्या नावाने हाक मारणारे आता पृथ्वीवर कोणी राहिले नव्हते. स्वारींनी एकतीस वर्षांचे कारकुनी वळण पणास लाविले आणि झेंडूचे मखरात, छापील अक्षरांवरोनच, ठळक लिहिले. आक्कांनी त्या अक्षरांवरोन बोट फिरविले.

"एवढंच?"

"एवढंच. दोन अक्षरं हायती, आक्का."

"दोन अक्षरांपायी दोन वरसं घालवलीस व्हय रं माझी," आक्का बोलिल्या, आणि राणीस करंडा आणावयास सांगितला, आणि भाऊबीज नसता, मुहूर्त नसता, भर वैशाखात स्वारींचे कपाळी कुंकू लाविले.

तरी पुढील पिढ्यांस कळावे म्हणोन नमूद करितो की, पलूसची मोहीम फत्ते जाहली. आपले बाजूस दोन जाड कागद कामास आले आणि लाल शाई निम्मी खर्ची पडली. पत्र धनाजीचे सोप्यात देवाचे तसबिरीशेजारी चढले, आणि बेचाळीस शुभेच्छुक तेथे अद्याप ठाणे धरोन आहेत. जेवणे जाहली, पुरणपोळीवर तूप सढळ पडले, आणि स्वारी विजयी मुद्रेने माघारी फिरावयास गाडीत बसली.

तो आक्का काठी टेकीत खासा गाडीपावेतो आल्या. स्वारींस वाटले की आता आशीर्वाद होईल. म्हणोन त्यांनी खिडकीची काच खाली घेतली आणि मस्तक बाहेर काढिले. आक्कांनी कनवटीची प्लास्टिकची पिशवी सोडिली आणि आतील वस्तू स्वारींचे हाती दिली.

"तुझ्या त्या मशिनीवर आधारकार्डाच्या झेरॉक्स निघत्यात का रं? दोन काढ. पाठपोट. गॅसवाला मागतोय."