कुकरमधलं शेवाळ

"सर, हे तुम्ही स्वतः करून बघितलंय, की नुसतं मोबाइलवर वाचलंय?"

दहावी 'ब'चा अख्खा वर्ग गार पडला. पैज तेजलने लावली होती, पण राही खरंच उभी राहून विचारेल असं तेजललाही वाटलं नव्हतं. जयदेव सर तेव्हा रंगात येऊन सांगत होते, की समुद्रातल्या शेवाळाचा अर्क ॲसिडात मिसळला तर लोखंडावर त्याचा पातळ थर बसतो, आणि मग ॲसिड लोखंडाला फारसं खाऊ शकत नाही.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वाचलंय," ते म्हणाले. "करून तू दाखव. सोमवारी."

पातळ केलेल्या ॲसिडाची बाटली, हातमोजे आणि दहा सूचना सरांनी दिल्या. शेवाळ तेजलच्या श्रीवर्धनच्या आत्याने पाठवलं. चांगलं गोणीभर.

"अगं, मूठभर पुरलं असतं!"

"आत्याला मूठभर काही देता येत नाही," तेजल म्हणाली आणि गोणी दारात टाकून पळाली. गोणी टेम्पोत दोन दिवस घामेजली होती. तेजल का पळाली, ते राहीला लवकरच कळलं.

रविवारी आई-बाबा कुळगावला साखरपुड्याला गेले. राहीने आईच्या मोठ्या कुकरमध्ये शेवाळ ठासलं आणि गॅस पेटवला. मग चहासारखा तपकिरी अर्क गाळला. दोन बरण्यांत ॲसिड, प्रत्येकीत एक खिळा, आणि एकीत अर्क. साध्या बरणीतला खिळा सोड्यासारखा फसफसायला लागला. अर्कातला मात्र शहाण्या मुलासारखा गप्प पडून राहिला. राही ओट्यासमोर नाचलीच!

नाचता नाचता तिने मोठा श्वास घेतला आणि जागीच थांबली. सुक्या बोंबलांच्या ढिगावर कुणी औषधाची बाटली फोडावी, तसा वास घरभर कोंदला होता. तिने सगळ्या खिडक्या उघडल्या, पंखा फुल केला. म्हणजे वास घराबाहेर काढला आणि सोसायटीला वाटून टाकला.

आता हे घर पालेगावात, पलीकडे केमिकल कंपन्यांच्या चिमण्या. इथली माणसं सकाळी उठून आभाळ बघत नाहीत, हवा हुंगतात. सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडला: 'गॅस???' दुसरा: 'गॅस!!!' मग सेक्रेटरी कमळाकर काका: 'सर्वांनी ओला रुमाल नाकाला लावून खाली यावे. लिफ्ट वापरू नये.' आणि मग कुणीतरी लिहिलं: 'राजेशभाऊंचीच कंपनी असणार.'

राजेशभाऊ म्हणजे राहीचे बाबा. कंपनीत सेफ्टीचं काम त्यांच्याकडे. परवाच जेवताना ते आईला म्हणाले होते, "अजून एक तक्रार आली ना, तर साहेब मला घरी बसवणार." राहीने 'वास आमच्या किचनचा आहे' असं टाइप केलं. पुसलं. परत टाइप करते, तोच ग्रुप वाचून बाबांचा फोन आला.

"राही, खिडक्या लाव! मी कंपनीत निघालोय, प्लांट बंद करायला लावतो!"

"बाबा, ऐका ना, प्लांट नका—"

"बोलू नको, श्वास वाचव!" फोन बंद.

परत लावला तर उचलेनात. राही जिन्यावरून धडधडत खाली आली. सगळी सोसायटी रुमाल लावून उभी होती. कमळाकर काकांना सडक्या अंड्यांचा वास येत होता, भारती काकूंना कडू बदामाचा. गोजरबाई आजींच्या घशात जळजळत होतं. सकाळी त्यांनी ठेचा खाल्ला होता, पण ते आत्ता कोण लक्षात घेतो?

"काका," राही धापा टाकत म्हणाली, "गॅस वगैरे काही नाहीये. मी शेवाळ शिजवलंय. समुद्रातलं. कुकरमध्ये."

कमळाकर काकांनी रुमाल खाली केला. "बाळा, असं सांग म्हणून बाबांनी शिकवलं का?"

"नाही हो! वर चला, दाखवते."

"वर? गॅसमध्ये?"

"बापासाठी किती जीव तोडते बिचारी," भारती काकूंनी डोळे पुसले. "माझी पोरगी साधं पाणी देत नाही."

राही जितकं खरं बोलत गेली, तितकं ते पढवलेलं वाटत गेलं. शेवटी ग्रुपवर आलंच: 'कंपनीने लहान मुलांना पुढे केले आहे. निषेध! उद्या लेखी तक्रार.'

दुपार उलटल्यावर साखरपुड्याच्या झब्ब्यातच बाबा रिक्षातून उतरले, मागून पैठणी सावरत आई. कंपनीत बंद प्लांटची पाइपन् पाइप तपासून झाली होती. गळती कुठेच नव्हती. बाबांनी नाक वर केलं. "हा आमचा नाही," ते पुटपुटले आणि वासाचं बोट धरून जिना चढत थेट स्वतःच्याच किचनमध्ये येऊन थांबले.

"माझा कुकर!" आई किंचाळली.

बाबा बरण्यांवर वाकले. एका खिळ्याची पार काडी झाली होती. दुसरा नवाकोरा दिसत होता. त्यांनी तो चिमट्याने उचलून उजेडात धरला.

"ॲसिडाने लोखंड खाऊ नये म्हणून कंपनीत आम्ही त्यात जे घालतो ना, ते अंगावर उडालं तर दवाखाना गाठावा लागतो," ते हळूच म्हणाले. "आणि हे शेवाळ?"

"नुसतं शेवाळ, बाबा."

ते हसणार, एवढ्यात खालून 'कंपनी हटाव'चा गजर झाला आणि त्यांच्या हातातला फोन थरथरायला लागला. स्क्रीनवर 'साहेब'. बाबांचा चेहरा झब्ब्याइतका पांढरा पडला. "काय सांगू त्यांना? कोण विश्वास ठेवणार?"

राहीने घरभर नजर फिरवली. दारामागे गोणी होती. अजून अर्धी भरलेली.

"आई, बाबा, मी ठरवलंय," ती म्हणाली. "साहेबांना इथेच बोलवा. उरलेलं सगळं शेवाळ मी आत्ता खाली, कमळाकर काकांच्या नाकासमोर शिजवणार. बाबा, तुम्ही सिलेंडर उचला. आणि आई, कुकर तोच लागेल हं."