ठिपकीचा डावा डोळा आणि देखरेखीचा नियम

एका जंगलात डोळ्यांचे डॉक्टर होते घुबडराव. जंगल मोठं, डोळे पुष्कळ, डॉक्टर मात्र एकच. हसता काय रे पोरांनो? हसण्यासारखं अजून काही आलेलंच नाही.

त्याच जंगलात नदीकाठी खंड्या राहायचा. डोळे तपासायचा, चष्मे द्यायचा. फांदीवरून सूर मारून पाण्यातला मासा नेमका उचलणारा पक्षी तो. नजर पक्की, चोच पक्की. तोंड मात्र अखंड चालू.

एके सकाळी ठिपकी त्याच्याकडे आली. ठिपकी म्हणजे चितळांच्या कळपाची राखणदार. बाकीचे चरायचे, ही कडेला उभी राहून पाहायची. बिबट्या दिसला की ओरडायची. ती ओरडली की कळप धूम ठोकायचा.

"खंड्याभाऊ, हल्ली डाव्या अंगाच्या झाडांना धडकते हो मी. एखादा चष्मा द्या."

खंड्यानं तिच्या डाव्या बाजूला एक पान हलवलं. "दिसलं का, ताई?"

"कुठलं पान?"

खंड्यानं पान खाली ठेवलं. मग म्हणाला, "ताई, हा काचबिंदू. डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट तुंबते, मोरी तुंबते तशी. आत दाब वाढतो आणि नजर कडेकडेनं जात राहते. दुखत नाही, खुपत नाही. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली वाचवता येते. लेसरचे किरण मारून ती वाट मोकळी करतात."

"मग मारा की!"

"मी? छे छे! ते डॉक्टरसाहेबांचं काम."

डॉक्टरसाहेबांनी ठिपकीला आंब्याच्या पुढच्या मोहराला बोलावलं. त्याआधी वेळच नव्हती. ठिपकी रडकुंडीला आली. "डॉक्टरसाहेब, नुसतं समोरचं दिसून मी काय करू? बिबट्या कधी समोरून येतो का?"

अशा तक्रारी फार झाल्या, तेव्हा सिंहमहाराजांनी हुकूम काढला. खंड्याला लेसर शिकवा.

झालं! जंगलात सभा भरली. घुबडराव फुरफुरले, "डोळा म्हणजे काय चष्म्याची काडी आहे? उद्या सुतारपक्षी म्हणेल, मीही टोचतो!"

सभेचे अध्यक्ष बिबटेसाहेब होते. रुग्णांच्या सुरक्षिततेची समिती त्यांच्याकडेच होती. हरणांची काळजी त्यांच्याइतकी कोणालाच नव्हती. ते सद्गदित होऊन म्हणाले, "घाईघाईत एखाद्या हरणाच्या डोळ्याला इजा झाली, तर मला अन्न गोड लागणार नाही."

शेवटी सर्वांना पटेल असा नियम झाला. खंड्यानं लेसर शिकावं. पण दर वेळी शेजारी घुबडराव जागे बसलेले असावेत. टाळ्या पडल्या. ठिपकीनंही खूर आपटले, बिचारीनं.

घुबडरावांनी शिकवलं मात्र मनापासून, खोटं कशाला बोला. ढगाळ दुपारी जांभया देत शिकवलं. आधी पिकल्या जांभळांवर, मग एका सोशिक रानरेड्यावर. "हात चांगला आहे तुझा," असं स्वतः म्हणाले. खंड्याला शाल मिळाली, नारळ मिळाला, छातीवर लावायला बिल्ला मिळाला. नदीकाठी नवं कोरं यंत्रही बसलं.

दुसऱ्याच दिवशी ठिपकी हजर. "चला खंड्याभाऊ, मारा किरण."

"लगेच, ताई. फक्त डॉक्टरसाहेब शेजारी बसू देत."

शिकवणी संपली होती, डॉक्टरसाहेब पुन्हा झोपले होते. घुबडं दिवसा झोपतात. ते उठतात रात्री, आणि रात्री खंड्याला दिसत नाही. नियम मात्र दोघांनाही स्वच्छ दिसत होता.

दिवेलागणीला दोघंही जागे असतील की, म्हणता? शाबास! ठिपकीनं हेच विचारलं. पण संध्याकाळी घुबडराव मोरांच्या पापण्या सुंदर करायचे. मोर आधीपासून वेळ घेऊन येत.

"यंत्र इथंच आहे," ठिपकी काकुळतीला आली. "हात तुमचे, डोळा माझा. माझी ना नाही. मग अडलंय कुठं?"

खंड्यानं बिल्ल्यावरून पंख फिरवला. "नियम आहे, ताई. बिल्ला काढून घेतील हो माझा."

ठिपकी परत गेली आणि कळपाच्या कडेला उभी राहिली. हे सांगताना मला आजही राग येतो. कारण ती कामचुकार नव्हती. डोळे ताणून पाहत होती. समोरचं गवत न् गवत तिला दिसत होतं.

बिबटेसाहेब डावीकडून आले.

कळपाला ओरड ऐकू आली. पण ती इशाऱ्याची नव्हती.

खंड्याला फार वाईट वाटलं. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी जेवला.

शोकसभा झाली. अध्यक्ष अर्थातच बिबटेसाहेब. ते मिश्या पुसत उभे राहिले आणि भरल्या पोटी, भरल्या गळ्यानं म्हणाले, "या दुःखातही एक समाधान आहे. नवी व्यवस्था आल्यापासून आपल्या जंगलात लेसरमुळे एकाही डोळ्याला इजा झालेली नाही."

घुबडरावांनी मान डोलावली. नियम आहे तसाच ठेवावा, असं एकमतानं ठरलं. चितळांमधून नवी राखणदार निवडली गेली. तिला हल्ली उजवीकडचं जरा कमी दिसतं.

तात्पर्य : उपचार नेहमी योग्य देखरेखीखालीच घ्यावेत. देखरेख मिळत नसेल, तर मुळीच घेऊ नयेत. न झालेल्या उपचाराचा दुष्परिणाम झाल्याची तक्रार आजवर एकाही हरणानं केलेली नाही.